पुअर फार्मवरची पंगत

मराठीत ‘पब’ला प्रतिशब्द नाही. ‘गुत्ता’ म्हणावे तर त्या शब्दाला गोणपाटाचा पडदा आणि पगाराच्या दिवशीची भांडणे कायमची चिकटलेली आहेत. ‘मद्यालय’ हा शब्द शासकीय परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. आणि ‘खानावळ’ म्हणण्याचे धाडस करावे, तर खानावळ चालवणाऱ्या बायकाच आपल्याला दारात उभे करणार नाहीत. त्यातून ज्या ठिकाणी बिअर त्याच आवारात तयार होते, तिथेच विकली जाते आणि तिच्या जोडीला पोटभर जेवणही मिळते, त्या ‘ब्रूपब’ला तर आपल्या भाषेत जागाच नाही. शब्द नाही याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. मराठी मनाने दारू आणि जेवण या दोन गोष्टी एका पाटावर कधी मांडल्याच नाहीत, हे ते कारण आहे.

यामागे इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने तर आमच्या आजी-पणजीच्या पिढीच्या मनात एक चित्र कोरूनच ठेवले: एकीकडे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, तर दुसरीकडे दळण दळून मोलमजुरी करणारी सिंधू. या चित्राचा अर्थ सरळ आहे. पेल्यात जे पडते ते कुणाच्या तरी ताटातून उचललेले असते. पुढच्या काळात गावोगावच्या बायकांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली. ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग कोणा साहित्यिकाने घडवलेला नाही, तो मतपत्रिकेवरून आलेला आहे. ज्या भाषेत बाटली उभी की आडवी यावर गाव दुभंगते, त्या भाषेत बिअरच्या पिंपाशेजारी मांडलेल्या कौटुंबिक जेवणाविषयी लिहिणे हे थोडे जोखमीचे काम आहे. तरीही लिहायचे, कारण मला ज्या जागेविषयी लिहायचे आहे तिथे प्रश्न केवळ बिअरचा नाही.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पूर्वेस, कोलंबिया नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी ट्राउटडेल नावाचे गाव आहे. वस्ती सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. या गावाच्या कडेला एजफील्ड नावाचे एक आवार आहे. मध्यभागी विटांची भारदस्त मुख्य इमारत, समोर मोठा व्हरांडा, भोवती लहानमोठ्या जुन्या वास्तू, फळबागा, भाजीचे वाफे, द्राक्षांचे वेल. आज इथे राहण्याच्या खोल्या आहेत, ब्रुअरी आहे, वाइनरी आहे, पब आणि रेस्टॉरंटे आहेत, चित्रपटगृह आहे, उन्हाळ्यात हिरवळीवर गाण्याच्या मैफिली होतात. १९११ साली मात्र हे सारे उभे राहिले ते मल्टनोमा कौंटीचे ‘पुअर फार्म’ म्हणून. पुअर फार्म म्हणजे ज्यांना घर नाही, नातेवाईक नाहीत, काम नाही किंवा काम करण्याचे वय उरलेले नाही, अशा माणसांना ठेवण्याची सरकारी शेती. आपल्याकडे अन्नछत्र होते, धर्मशाळा होती, पांजरपोळही होते. या कल्पनेला जवळचा शब्द आपल्याकडे नाही. अन्नछत्रात जेवणाऱ्याकडून कोणी नांगर धरून घेत नसे. इथे अंगात ताकद असेल त्याने राबायचे आणि पिकेल ते सर्वांनी खायचे, अशी रीत होती. तीनशे एकरांहून अधिक जमिनीवर भाजीपाला पिकत होता, डुकरे, कोंबड्या, गाई होत्या, फळे डबाबंद करण्याची शाळाच म्हणावी अशी कॅनरी होती. १९३० नंतरच्या महामंदीत इथल्या माणसांची संख्या सहाशेच्या घरात गेली होती. सरकारी कागदांत अशा संस्थांतील रहिवाशांना ‘इनमेट’ म्हणत. तुरुंगात राहणाऱ्यालाही तोच शब्द आहे.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर म्हाताऱ्या माणसांना थोडेफार निवृत्तिवेतन मिळू लागले आणि अमेरिकेतली पुअर फार्मे हळूहळू ओस पडली. एजफील्ड पुढे आजारी व वृद्धांचे शुश्रूषागृह झाले आणि १९८२ मध्ये तेही बंद पडले. मग जे सर्वत्र होते तेच झाले: छप्पर गळू लागले, काचा फुटल्या, भिंतींवर नावे रंगवली गेली, आणि इमारती पाडून जागा मोकळी करावी असे कौंटीच्या मनात आले. गावातल्या इतिहास मंडळाने त्याविरुद्ध काही वर्षे चिकाटीने लढा दिला. शेवटी १९९० मध्ये पोर्टलंड परिसरात पब चालवणाऱ्या मॅकमेनामिन या दोघा भावांनी जागा विकत घेतली आणि १९९१ पासून जुन्या कॅनरीच्या इमारतीत बिअर तयार होऊ लागली.

इथे थोडे थांबून कायद्याकडे पाहिले पाहिजे, कारण त्यात आपल्याला ओळखीचे काही सापडते. ओरेगनमध्ये बायकांना मताधिकार १९१२ मध्ये मिळाला आणि १९१४ च्या मतदानात राज्याने दारूबंदी स्वीकारली. १ जानेवारी १९१६ पासून, म्हणजे देशव्यापी बंदीच्या चार वर्षे आधी, तिथली बाटली आडवी झाली. १९३३ मध्ये देशातली बंदी उठली तरी मद्य बनवणारा आणि विकणारा यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची व्यवस्था कायद्याने करून ठेवली. जो पिंप भरतो त्याने पेला भरू नये, हे त्यामागचे सूत्र होते, कारण जुन्या काळातले सलून बहुधा ब्रुअरीच्याच पैशावर चालत आणि गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त पाजणे हाच त्यांचा व्यवसाय असे. १९८५ मध्ये ओरेगनने कायदा बदलला आणि लहान उत्पादकाला स्वतःच्याच जागेत बिअर तयार करून विकण्याची मुभा दिली. आज त्या राज्यातल्या गावागावांत ब्रूपब दिसतात त्याचे मूळ या दुरुस्तीत आहे. (पुण्यात ‘डूलाली’ २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्याकडे वर्तमानपत्रांनी जो कौतुकमिश्रित धसका घेतला, तो आठवणाऱ्यांना यातली गंमत कळेल.) म्हणजे हा पब ज्या समाजात उभा राहिला तो दारूविषयी बेफिकीर असलेला समाज नव्हता. आपल्यासारखाच पोळलेला, बंदी घालून पाहिलेला, आणि अखेरीस वेगळ्या अटींवर तडजोड केलेला समाज होता. तडजोडीची मुख्य अट जेवण ही आहे. नुसते प्यायला बसण्याची जागा आणि जेवता जेवता पिण्याची जागा यांत तिथला कायदा फरक करतो, आणि तो फरक टेबलावर बसल्यावर कळतो.

माझी भाची पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत राहते. संगणकाच्या चकत्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीमुळे त्या भागात मराठी माणूस मुबलक आहे. तिच्या घरच्यांबरोबर मी इथे जेवायला गेले. भाचीची मुलगी, जावई, आणि पुण्याहून आलेल्या तिच्या सासूबाई असे आम्ही पाच जण होतो. ज्या पबमध्ये बसलो ती इमारत एकेकाळी संस्थेचे वीजघर होती. शेजारच्या टेबलावर तान्हे मूल उंच खुर्चीत बसून बटाटा चिवडत होते आणि त्याची आजी काळ्याभोर बिअरचा पेला पुढ्यात घेऊन शब्दकोडे सोडवत होती. सासूबाईंनी मेनूकार्ड दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि भाचीला म्हणाल्या, “अगं, ताक मिळेल का विचार ना.” ताक नव्हते. पण प्रश्न मला अगदी योग्य वाटला, कारण जेवणाबरोबर काहीतरी आंबवलेले हवे ही गरज जगभर सारखीच आहे.

बिअरविषयी माझे ज्ञान तोवर पुस्तकी होते. ते तसेच ठेवून एवढेच सांगते की तिच्या मुळाशी असलेली क्रिया आपल्या घराला नवी नाही. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. सातूला मोड आणून, वाळवून, भाजून जे होते ते माल्ट. आपण तिथे थांबून बाळाला खीर करतो. ते पुढे जाऊन त्यातला गोडवा गरम पाण्यात उतरवतात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले उकळतात आणि यीस्ट घालून आंबवतात. ‘हॅमरहेड’ नावाची त्यांची तांबूस बिअर मी अर्धा पेला घेतली. पहिल्या घोटाला कडवटपणा जिभेच्या मागच्या भागाला जाऊन बसतो, मेथीच्या भाजीचा बसतो तसा, आणि मग हळूच संत्र्याच्या सालीचा वास येतो. हा वास ‘कॅस्केड’ जातीच्या हॉप्सचा. ही जात ओरेगनमध्येच संशोधनातून तयार झाली आणि १९७२ मध्ये लागवडीसाठी बाहेर आली. म्हणजे पेल्यातला वास त्याच मातीचा आहे असे म्हणता येते. जावयाने ‘टर्मिनेटर’ घेतली होती. ती काळी, दाट, आणि चवीला भाजक्या धान्यासारखी. कढईत नाचणी जरा जास्त भाजली गेली की घरभर जो वास पसरतो, तो.

खरी गोष्ट मात्र बटाट्याची. ‘टेटर टॉट्स’ म्हणून किसलेल्या बटाट्याचे बोटाच्या पेराएवढे तळलेले गोळे येतात. इथे त्यांवर तिखट मसाला भुरभुरवलेला असतो. नऊ वर्षांच्या नातीपासून सासूबाईंपर्यंत सर्वांना ते आवडले. या पदार्थाचा जन्म १९५३ मध्ये ओरेगनच्याच ऑन्टॅरिओ गावातल्या कारखान्यात झाला. फ्रेंच फ्राइज कापताना बटाट्याचे जे तुकडे उरत ते जनावरांना घालावे लागत. ते वाया जाऊ नयेत म्हणून कारखान्याच्या मालकांनी ते बारीक करून, वळून, तळून पाहिले. फोडणीची पोळी आणि शिळ्या भाताचे मुटके करणाऱ्या जातीला हा पदार्थ लगेच कळतो. ज्या वास्तूत समाजाने ‘उरलेली’ माणसे आणून ठेवली होती, तिथल्या पानात उरलेल्याचा पदार्थ सर्वांत लाडका असावा, या योगायोगाचे मी फार भांडवल करणार नाही. पण जेवताना तो मनात आला हे खरे.

जेवण झाल्यावर मुख्य इमारतीतून हिंडलो. खोल्यांत दूरचित्रवाणी नाही, फोन नाही, बहुतेक खोल्यांना स्वतःचे न्हाणीघरही नाही. पाहुण्यांनी बोळातून चालत सामायिक न्हाणीघराकडे जायचे. संस्थेच्या काळातली ही रचना मोडलेली नाही. दारांवर, भिंतींवर, पाइपांवरसुद्धा चित्रकारांनी चित्रे काढलेली आहेत, आणि त्यांत बागेची, संगीताची, स्वप्नातली अशी चित्रे आहेत, तशीच इथे राहून गेलेल्या माणसांचीही आहेत. जुन्या वास्तूंचा इतिहास शोधून काढण्यासाठी कंपनीने पगारी इतिहासकार ठेवले आहेत. शुश्रूषागृहाच्या दिवसांतल्या आजाऱ्यांच्या इमारतीच्या तळघरात आता वाइन चाखायला देतात.

आणि इथे माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. हे योग्य आहे काय? ज्या घराच्या दारात पाऊल टाकणे ही माणसाच्या आयुष्यातली शेवटची नामुष्की होती, तिथे आपण मोहरी लावून सँडविच खावे काय? पुअर फार्मवर पोहोचलेल्यांत दारूने पोहोचवलेले कोणी नसतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल; सुधाकराचे भाऊबंद सर्व देशांत असतात. मग त्यांच्याच भाज्या डबाबंद होत असत त्या खोलीत बिअरची पिंपे मांडणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? सोबतच्या मंडळींना हा प्रश्न जडच वाटला. जावई म्हणाला, “मावशी, पाडून टाकलं असतं तर तिथे पार्किंग झालं असतं.” हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. पाडण्यापेक्षा बरे, या कसोटीवर जगातली कुठलीही गोष्ट उत्तीर्ण होते.

याच कंपनीचे पोर्टलंडमधले दुसरे ठिकाण म्हणजे १९१५ साली बांधलेली एक प्राथमिक शाळा. ती १९७५ मध्ये बंद पडली आणि १९९७ मध्ये हॉटेल म्हणून उघडली. तिथल्या एका बारचे नाव ‘डिटेन्शन’, म्हणजे शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून बसवून ठेवण्याची खोली. हा विनोद मला निर्मळ वाटतो, कारण त्या शाळेत शिकलेली माणसे स्वतः येऊन तो हसून साजरा करू शकतात. शाळेला माजी विद्यार्थी असतात. पुअर फार्मला माजी विद्यार्थी नसतात. तिथे राहून गेलेल्यांच्या वारसांपैकी कितीजण अभिमानाने सांगतील की आमचे पणजोबा इथे होते? स्मारके राजांची होतात, सैनिकांची होतात, अलीकडे कलावंतांचीही होतात. गरिबीत मेलेल्याचे स्मारक करायला मागे कोणी उरत नाही, आणि उरले तर ते विसरू पाहत असतात. म्हणून अशा वास्तूत विनोद करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न शाळेपेक्षा अवघड आहे.

तरीही माझे मत शेवटी पबच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण वारसाजतनाच्या चर्चेत सहसा येत नाही. या आवारात पहिल्यापासून जे चालत होते ते पिकवणे, शिजवणे आणि वाढणे. १९११ मध्ये इथे डुकरे पाळून, मटार सोलून, फळे डब्यात भरून शेकडो माणसांना दोन वेळचे जेवण घातले जात होते. ते जेवण उपकाराचे होते आणि आजचे पैशाचे आहे, हा भेद फार मोठा आहे, मान्य. पण स्वयंपाकघराला स्वयंपाकघरच राहू देणे ही त्या वास्तूशी केलेली निदान एका पातळीवरची प्रामाणिकता आहे. इथे संग्रहालय झाले असते तर काचेच्या पेटीत एक पत्र्याची थाळी दिसली असती, खाली एक पाटी असती, आणि शाळेच्या सहली वर्षातून दोनदा येऊन गेल्या असत्या. आता दर रात्री शेकडो माणसे त्या बोळांतून चालतात, आणि न्हाणीघराकडे जाताना भिंतीवरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिल्यावाचून कोणाला पुढे जाता येत नाही. नातीने एका चित्रापाशी थांबून “हे कोण?” असे विचारले, तेव्हा तिच्या आईला गरिबांना शेतावर ठेवण्याची सबंध गोष्ट सांगावी लागली. ती गोष्ट एरवी त्या घरात निघाली नसती.

माझा आक्षेप एकच उरतो, आणि तो चित्रांतल्या गोडव्याविषयीचा आहे. रंग फार उबदार आहेत. म्हातारे मिस्कील आहेत, चंद्र हसतो आहे, सगळीकडे वेली. ‘इनमेट’ या शब्दातली थंडी त्या रंगांत कुठे मुरली ते मला शोधूनही सापडले नाही. गरिबी गमतीदार माणसांची एक वसाहत होती असा समज एखाद्याचा होऊ शकेल.

पण हा आक्षेप घेताना मला आपल्या परळची आठवण होते आणि आवाज आपोआप खाली येतो. एजफील्डचे शुश्रूषागृह बंद पडले ते १९८२ साली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा संसार उसवला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचे दार उघडले, २००१ च्या दुरुस्तीने ते मालकांसाठी सताड उघडे केले, आणि आज फिनिक्स मिल, कमला मिल ही नावे उच्चारली की नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर रेस्टॉरंटे आणि पब येतात. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या पबना आग लागून चौदा माणसे गेली, तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांतून ‘इथे पूर्वी गिरणी होती’ असे वाक्य छापून आले. त्या वाक्यापलीकडे त्या आवारांत साचेखाते, जॉबर, बदली कामगार, तीन पाळ्या यांपैकी काय आहे? एजफील्डच्या भिंतींवर निदान चेहरे आहेत, मग ते गोड का असेनात. आपण चिमणी ठेवली.

आणि जेवणाचीच गोष्ट काढायची तर गिरणगावाला स्वतःची जेवणाची संस्कृती होती. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खोलीत गाळ्याने राहत आणि जेवत ते चाळीतल्या बायकांच्या खानावळीत, महिन्याच्या बोलीवर, पगार होईतो उधारीवर. सकाळच्या पाळीचा डबा वेगळा, रात्रपाळीवाल्याचे ताट झाकून ठेवलेले. याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बिअरच्या पिंपाशेजारी खानावळ मांडली तर बायका दारात उभे करणार नाहीत असे मी सुरुवातीला म्हटले, ते याच बायकांना डोळ्यांसमोर ठेवून. जुन्या गिरणीच्या एका आवारात मध्यंतरी विद्यार्थिनींबरोबर गेले होते. मेनूकार्डावर ‘कोस्टल प्लेट’ होती. बांगडा, सोलकढी, तांदळाची भाकरी. पदार्थ नेमके तेच होते. वाढणाऱ्या मुलाला विचारले, ही पाककृती कुणाची? तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, “मॅडम, शेफ गोव्याचे आहेत.”